माणसे बदलतात, कार्य टिकावे कसे?
(मंडळाच्या भिवंडी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, निधीचा हिशेब, वधूवर-सूचन आणि दिवंगतांचे स्मरण हे विषय दरवर्षी येतात, आणि ते येणे योग्यच आहे. यंदा मात्र तरुण मंडळींच्या व्यवसायाशी निगडित असा एखादा विषय आम्ही मांडावा, अशी सूचना कार्यकारी मंडळाने केली. ज्या घरांतून एका पिढीपूर्वी मागाचा खडखडाट ऐकू येत असे, त्याच घरांतील मुलगे आणि मुली आज ठाणे, ऐरोली, पुणे येथील संगणक-कचेऱ्यांतून काम करीत आहेत. त्यांच्या कामाचे स्वरूप वडीलधाऱ्यांस ठाऊक नसते, आणि वडीलधाऱ्यांच्या अनुभवात त्या कामाला उपयोगी पडणारे काय आहे, हे मुलांस ठाऊक नसते. या दोहोंची गाठ घालून देता आली तर पाहावी, एवढाच आमचा हेतू आहे.

जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून चालविलेली सॉफ्टवेअरची जी सार्वजनिक कार्ये आहेत, त्यांत हातभार लावणारी माणसे सतत येतात आणि जातात. या ये-जा करण्याचा त्या कार्यावर काय परिणाम होतो, आणि तो हितकर व्हावा म्हणून काय करावे, हा आमचा आजचा विषय होय.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची लिखित संहिता. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरची मूळ संहिता कंपनी आपल्या कुलपात ठेवते; ग्राहकास मिळतो तो केवळ वापराचा अधिकार. मुक्त स्रोत पद्धतीत ही मूळ संहिताच सर्वांपुढे उघडी असते. कोणीही ती वाचावी, तीत सुधारणा करावी, आपल्या गरजेप्रमाणे ती बदलावी आणि इतरांस द्यावी, अशी मुभा परवान्यातच दिलेली असते. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' या कार्याची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा प्रसिद्ध केला. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच लिनक्सचा गाभा आहे. पैशांचे जे व्यवहार आपण फोनवरून करतो, तेही कोठे ना कोठे अशा मुक्त संहितेवर विसंबून असतात.

ही व्यवस्था गावच्या सार्वजनिक विहिरीसारखी आहे. पाणी सर्वांचे, गाळ काढावयास उतरणारे मात्र चार-दोन. मोठ्या कार्यांत कंपन्यांनी पगार देऊन नेमलेली माणसे असतात, हे खरे. परंतु या मोठ्या कार्यांना आधार देणारी जी असंख्य लहान कार्ये आहेत, ती पुष्कळदा एखादा मनुष्य आपली नोकरी सांभाळून, रात्री जागून, विनावेतन चालवीत असतो. त्याला आम्ही या भाषणापुरते त्या कार्याचा 'कारभारी' म्हणू.

आता अशा कार्यातून माणसे का जातात, ते पाहू. विद्यार्थी असतो त्याची परीक्षा संपते व तो नोकरीस लागतो. नोकरदार असतो त्याची बदली होते, त्याला दुसरे काम मिळते. कोणाचे लग्न होते, कोणाच्या घरी मूल येते, कोणाचे आईवडील आजारी पडतात. कोणी मतभेदाने जातो, कोणी केवळ थकून जातो. पगारी माणूससुद्धा कंपनीचे धोरण बदलले की दुसऱ्या कामावर नेमला जातो. यांत निंद्य असे काहीही नाही. जो मनुष्य स्वेच्छेने व विनामूल्य आला, त्याला स्वेच्छेने जाण्याचाही अधिकार आहे. किंबहुना ही ये-जा इष्टच म्हटली पाहिजे. नवा मनुष्य नवी दृष्टी घेऊन येतो. जुन्यांच्या अंगवळणी पडलेली गैरसोय त्याला पहिल्याच दिवशी टोचते. वीस वर्षे एकाच माणसाच्या मुठीत राहिलेले कार्य बाहेरून स्थिर दिसले, तरी आतून ते एका माणसाच्या प्रकृतीएवढेच बळकट असते.

मग हानी कशाने होते? जाणारा मनुष्य संहिता घेऊन जात नाही, ती तर सर्वांपुढे उघडीच असते. तो घेऊन जातो ती 'का' या प्रश्नाची उत्तरे. अमुक आज्ञा येथे का लिहिली, तमुक मार्ग पूर्वी करून पाहिला असता का सोडून द्यावा लागला, हे त्याच्या डोक्यात असते, आणि बहुधा तेथेच राहते.

आपल्या मायबोलीतलेच उदाहरण घ्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे मराठीत दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याने आपण गुरुजनांस वंदन करतो, दुसऱ्याने स्वयंपाक्यांस निरोप धाडतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हा आडव्या लहरीसारखा अर्धा र हिंदीच्या लेखनात नाही. मराठीतील ल आणि श यांचे वळणही हिंदीतील वळणाहून निराळे. संगणकावर ही अक्षरे बिनचूक उमटावीत म्हणून अक्षरसंचात मुद्दाम तजवीज करावी लागते. समजा, ती तजवीज एखाद्या मराठी जाणणाऱ्या माणसाने केली आणि तो पुढे दुसऱ्या कामास लागला. त्याच्या जागी आलेला मनुष्य कुशल आहे, कष्टाळू आहे, पण मराठी जाणत नाही. त्याला ही तजवीज म्हणजे अनावश्यक अडगळ वाटेल, आणि संहिता सुटसुटीत करण्याच्या सद्हेतूने तो ती काढून टाकील. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र दऱ्यांचा दर्या झालेला असेल! पहिल्या माणसाने जाताना दोन ओळींची टीप ठेवली असती, तर हा अनर्थ टळता.

भिवंडीकरांस तर हे निराळे सांगावयास नको. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, आणि उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले कारागीर मिळेल त्या वाटेने आपापल्या गावी परतले. माग जागच्या जागी उभे होते, गोदामांत सूत पडून होते. माग चालविणारा हात तेवढा नव्हता. टाळेबंदी सैल झाल्यावरही कित्येक कारखान्यांतील खडखडाट पूर्ववत होण्यास अवधी लागला. यंत्र आणि माल म्हणजे धंदा नव्हे, हे त्या वर्षाने आपणांस शिकविले.

याच मागावर आणखी एक शिकवण आहे, आणि आजच्या विषयाचे सार तीतच आहे असे आम्हांस वाटते. बीमावरचा ताणा संपत आला की जाणता कारागीर काय करतो? जुन्या ताण्याची टोके राच आणि फणी यांतून ओवलेली असतानाच तो नवा बीम चढवितो आणि नव्या ताण्याचे एकेक टोक जुन्याच्या एकेक टोकास सांधतो. मग हलक्या हाताने ते सांधे फणीतून पुढे ओढून घेतले की माग पुन्हा चालू होतो. परंतु आळसाने किंवा विसराळूपणाने जुना ताणा संपूर्ण निघून जाऊ दिला, तर राच आणि फणी रिकामी होतात, आणि हजारो तारा पहिल्यापासून ओवत बसावे लागते. सूत तेच, माग तोच, कारागीरही तोच; सांधणी वेळेवर झाली की नाही, एवढाच काय तो फरक. माणसांची सांधणीही जुना मनुष्य कामावर असतानाच व्हावी लागते.

ब्राझीलमधील काही संशोधकांनी हे मोजून पाहिले आहे. या क्षेत्रात 'ट्रक फॅक्टर' नावाची एक काहीशी विचित्र संज्ञा रूढ आहे. कार्यातील किती माणसे मालमोटारीखाली सापडली असता कार्य बंद पडेल, ती संख्या म्हणजे ट्रक फॅक्टर. नाशिक महामार्गालगत राहणाऱ्या आपल्यासारख्यांस ही उपमा अधिक समजावून सांगावयास नको! त्या संशोधकांनी १३३ लोकप्रिय कार्ये तपासली, तेव्हा त्यांतील सुमारे ६५ टक्के कार्यांत ही संख्या एक किंवा दोनच निघाली. पुढे त्यांनी १९३२ कार्यांचा मागोवा घेतला. त्यांपैकी सुमारे १६ टक्के कार्यांवर सर्व मुख्य माणसे निघून जाण्याचा प्रसंग आला होता. आणि असा प्रसंग आलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के कार्ये नवी माणसे मिळून पुन्हा उभी राहिली. म्हणजे मुख्य माणसे गेल्याने कार्य मरतेच असे नाही. परंतु निम्म्याहून अधिक कार्ये त्यातून सावरली नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

आता जगातील चार उदाहरणे थोडक्यात सांगतो.

पहिले उदाहरण 'ओपन-एस-एस-एल'चे. महाजालावरून जाणारा मजकूर परक्याला वाचता येऊ नये म्हणून तो कूटलिपीत घालण्याचे काम ही संहिता करते, आणि बँकांपासून बाजारपेठांपर्यंत असंख्य संस्था तिच्यावर विसंबून होत्या. एप्रिल २०१४ मध्ये तीत 'हार्टब्लीड' नावाने प्रसिद्ध झालेला गंभीर दोष उघडकीस आला. तो दोष २०१२ पासून तेथे होता. मग चौकशी झाली तेव्हा लोकांच्या ध्यानात आले की, जगाचे हे कुलूप सांभाळण्यास पूर्ण वेळ देणारा मनुष्य जवळजवळ एकच होता, आणि वर्षाकाठी देणग्या येत त्या दोन हजार डॉलरांच्या आसपास! त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. विहिरीचा कठडा कोसळल्यावर गाव वर्गणी काढते, त्यातलाच हा प्रकार होय.

दुसरे उदाहरण 'विम' या मजकूर लिहिण्याच्या साधनाचे. हॉलंडचे ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली ते प्रसिद्ध केले आणि तीस वर्षांहून अधिक काळ स्वतः सांभाळले. ज्यांना ते आवडले त्यांनी युगांडातील मुलांच्या साह्यार्थ देणगी द्यावी, अशी त्यांची विनंती असे. ऑगस्ट २०२३ मध्ये वयाच्या ६२ व्या वर्षी ते निवर्तले. आघात मोठा होता. परंतु काही जुन्या सहकाऱ्यांकडे संहितेत बदल करण्याचा अधिकार अगोदरपासून होता. त्यांनी धुरा उचलली, आणि जानेवारी २०२४ मध्ये निघालेली ९.१ ही आवृत्ती मूलेनार यांच्या स्मृतीस अर्पण केली. जुना ताणा संपण्यापूर्वी निदान काही तारा सांधलेल्या होत्या, म्हणून हे साधले.

तिसरे उदाहरण 'पायथन' या संगणक-भाषेचे. आपल्यापैकी अनेक विद्यार्थी ती आज शिकत आहेत. तिचे जनक गिडो व्हान रॉसम हे वर्षानुवर्षे अखेरचा शब्द देणारे होते. जुलै २०१८ मध्ये एका वादानंतर त्यांनी ते स्थान सोडले आणि आपला वारस मात्र नेमला नाही. पुढील व्यवस्था कार्यकर्त्यांनीच ठरवावी, असे त्यांनी कळविले. कार्यकर्त्यांनी निरनिराळ्या योजना लिहून मांडल्या, मतदान केले, आणि २०१९ च्या आरंभी पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ कारभार पाहू लागले. एका माणसाच्या अधिकाराचे रूपांतर नियमांत झाले. आणि जनक हयात असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत झाले, हे विशेष.

चौथे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगावयास हवे. 'एक्स-झेड' नावाचे, मजकूर दाबून लहान करणारे एक साधन आहे. ते दिसावयास किरकोळ, पण लिनक्सच्या बहुतेक वितरणांत अंतर्भूत असलेले. फिनलंडमधील लासे कॉलिन हे त्याचे एकटे कारभारी. हे काम आपण विनावेतन छंद म्हणून करतो आणि आपली शक्ती अपुरी पडत आहे, हे त्यांनी २०२२ साली उघडपणे कळविले होते. त्याच सुमारास 'जिया टॅन' असे नाव धारण केलेली एक व्यक्ती नियमितपणे चांगले व उपयुक्त काम करून देत होती. दुसरीकडे काही अपरिचित नावांनी, काम मंद चालले आहे, नवा कारभारी नेमा, असा तगादा कॉलिन यांच्यामागे लावला होता. थकलेल्या माणसाने मदतीस आलेल्या हाती हळूहळू अधिकार सोपविले. त्या हाताने दोन वर्षे विश्वास कमावला, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा लपवून ठेवला. तो सर्वत्र पसरला असता, तर जगातील अगणित सर्व्हरांची कुलपे एका अज्ञात माणसाला उघडता आली असती. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्यास, सर्व्हरात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढे जाणवले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी हे कारस्थान जाहीर केले. तोवर ती आवृत्ती बहुतांशी काही वितरणांच्या चाचणी-प्रतींपर्यंतच पोहोचली होती, म्हणून मोठा अनर्थ टळला. 'जिया टॅन' या नावामागे कोण होते, हे जगापुढे उघड झालेले नाही.

या घटनेवरून कोणी असा निष्कर्ष काढील की, परक्यास जवळ करू नये. आमचे मत निराळे आहे. परक्यास जवळ केल्याखेरीज सार्वजनिक कार्य चालतच नाही. येथे दोष एकटेपणाचा होता. कारभारी एकटा होता, म्हणून थकला. थकला, म्हणून घाईने भार उतरविणे त्याला भाग पडले. आणि सोपविताना पाहणारे दुसरे डोळे तेथे नव्हते. लाखो लोक ज्याच्या श्रमाचा लाभ घेत होते, त्याची विचारपूस कोणी केली नव्हती. आणि जे विचारपूस करीत आले, ते चोर होते. ही गोष्ट कोणाही सार्वजनिक संस्थेने मनावर कोरून ठेवावी अशी आहे.

'डेबियन' नावाचे जे लिनक्सचे वितरण आहे, त्याची रीत या दृष्टीने अनुकरणीय वाटते. १९९३ साली इयन मरडॉक यांनी ते सुरू केले आणि १९९६ साली नेतृत्व दुसऱ्याकडे दिले. पुढे तेथे दरवर्षी नेत्याची निवडणूक होण्याची प्रथा पडली. ज्या भागाला कारभारी उरला नाही, त्याची नोंद तेथे 'अनाथ' या शीर्षकाखाली सर्वांपुढे केली जाते, म्हणजे ज्याला हौस असेल त्याने ते अनाथ पोर दत्तक घ्यावे. दीर्घकाळ मौन धरलेल्या कार्यकर्त्यास सभ्यपणे पत्र पाठवून, आपण अजून काम करू इच्छिता काय, असे विचारणारी माणसे तेथे आहेत. नव्या माणसाची ओळख जुन्या सभासदांनी पटवून घ्यावी लागते, आणि त्याच्या कामाची पारख झाल्यावरच त्याला पूर्ण अधिकार मिळतात. स्वागत आणि पारख या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे या कार्याने तीस वर्षांहून अधिक काळ दाखवून दिले आहे.

आता आपण आपल्या घराकडे वळू. हा सगळा दूरदेशीचा इतिहास आहे, आपल्या समाजाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, मराठी भाषेचा संगणकावरील संसार पुष्कळसा अशाच कार्यांवर उभा आहे. 'लोहित' नावाचा अक्षरसंच पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने पुरविला, रेड हॅट या कंपनीने तो २००४ साली मुक्त परवान्याखाली उपलब्ध केला, आणि पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांपर्यंत त्याचा विस्तार झाला. फायरफॉक्स आणि लिब्रे-ऑफिस ही साधने मराठीतून वापरता येतात. पडद्यावरील प्रत्येक शब्द, प्रत्येक सूचना कोणीतरी बसून मराठीत आणलेली आहे, म्हणूनच हे शक्य झाले.

परंतु हे भाषांतर एकदा करून भागत नाही. उदाहरणादाखल 'ग्नोम' हे लिनक्सवरील कार्यपटल घ्या. त्याची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत नवी वाक्ये येतात. ज्या भाषेत निदान ८० टक्के वाक्यांचे भाषांतर झालेले असेल, ती भाषा पूर्णपणे उपलब्ध मानावी, असा संकेत तेथे रूढ झाला. आता एखाद्या भाषेचे काम दोन माणसे पाहत होती आणि ती दोन्ही आपापल्या संसारात गुंतली, असे समजा. कोणी काही मोडले नाही, कोणी काही पुसले नाही. तरीही दर सहा महिन्यांनी प्रमाण घटत जाते, आणि एके दिवशी ती भाषा संकेताच्या खाली घसरते. वापरणाऱ्याला अर्धा पडदा मराठी आणि अर्धा इंग्रजी दिसू लागतो. तो कंटाळतो आणि सरळ इंग्रजीकडे वळतो. मग, मराठीतून वापरणारे आहेतच कोठे, असा प्रश्न विचारला जातो. भाषा अशी गाजावाजा न होता मागे पडते.

शब्दांची गोष्टही तशीच. एका कार्यकर्त्याने 'संचिका' हा शब्द योजिला; त्याच्या मागून आलेल्याने 'फाइल' ठेवला; तिसऱ्याने 'धारिका' पसंत केला. तिन्ही शब्दांच्या बाजूने बोलता येईल. पण एकाच पडद्यावर तिन्ही आले तर बिचाऱ्या वाचकाने काय समजावे? ही अडचण ओळखून 'फ्युएल' या नावाने, संगणकावर वारंवार येणाऱ्या शब्दांच्या भाषावार याद्या चर्चेने ठरविण्याचा उपक्रम झाला, आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. अशी सर्वमान्य यादी म्हणजे जुन्या आणि नव्या कार्यकर्त्यांमधील सांधाच होय.

दीर्घकालीन कार्य माणसे बदलूनही तडीस जाते, याचा मोठा दाखला महाराष्ट्रात आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली प्रसिद्ध झाला. तर्कतीर्थ १९९४ साली निवर्तले. विसावा खंड २०१५ साली आला. मधल्या काळात संपादक बदलले, लेखक बदलले, लेखनाची साधनेही बदलली. तरीही कार्य चालू राहिले. कारण नोंदी कशा लिहाव्यात, कोणी तपासाव्यात, परिभाषा कोणती वापरावी, हे एका व्यक्तीच्या स्मरणावर न सोडता संस्थेच्या रीतीत बसविलेले होते.

तेव्हा आपल्या तरुणांस आमचे सांगणे असे आहे. तुम्ही अशा कोणत्याही कार्यात भाग घ्याल तेव्हा पहिल्या महिन्यातच एक जोडीदार शोधा. एकट्याने कौतुक मिळविण्यापेक्षा दोघांनी मिळून काम करणे अधिक टिकाऊ असते. जे केले ते का केले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हांलाही ते आठवणार नाही. जावयाचे ठरले तर आगाऊ सांगा, त्यात यत्किंचितही कमीपणा नाही. न सांगता नाहीसे होणे मात्र सहकाऱ्यांवर अन्यायाचे आहे. किल्ल्या एकदम सोपवू नका. आधी लहान काम, मग मोठे, मग अधिकार, या क्रमाने द्या. आणि जो आज तुमच्यासाठी विनामूल्य राबत आहे, त्याला वर्षातून एकदा तरी आभाराचे पत्र लिहा. असे चार शब्द माणसाला आणखी एक वर्ष टिकवून धरू शकतात.

वडीलधाऱ्या मंडळींसही एक विनंती आहे. हेच नियम आपल्या मंडळास लागू पडत नाहीत काय? पूर्वी सभासदांची नोंदवही, निधीची खतावणी, वसतिगृहाचे कागद कपाटात असत, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांस ठाऊक असे. आता ही सारी माहिती संगणकात गेली आहे आणि तिचा परवलीचा शब्द बहुधा एकाच चिटणिसाच्या स्मरणात असतो. ईश्वर त्यांना दीर्घायुष्य देवो! पण पुढच्या सभेपूर्वी तो शब्द बंद पाकिटात घालून विश्वस्तांकडे ठेवावा, आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याबरोबर एक उपपदाधिकारी वर्षभर शिकत असावा, असे आम्ही सुचवितो.

आणखी एक लहानशी योजना मंडळाच्या विचारार्थ मांडतो. आपल्या विद्यार्थी-निधीतून दरवर्षी संगणकशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांस अल्पशी शिष्यवृत्ती द्यावी, आणि त्यांनी आठवड्यातून चार तास मराठीच्या एखाद्या मुक्त स्रोत कार्यास द्यावेत. तो विद्यार्थी एक आणि विद्यार्थिनी एक असली तर अधिक चांगले. मात्र अट एकच: वर्षाचे अखेरचे तीन महिने त्यांनी पुढील वर्षाच्या दोघांबरोबर बसून काम करावे आणि आपली टिपणे त्यांच्या हाती द्यावीत. पहिल्या वर्षी फार मोठे काम होईल असे आम्हांस वाटत नाही. परंतु पाच वर्षांनी दहा जाणती माणसे तयार असतील. त्यांतील आठ जण अन्यत्र गेले तरी दोघांच्या हाती सारे धागे असतील, आणि मराठीतील एका तरी कार्यापुढे 'अनाथ' हा शब्द लिहिण्याची पाळी येणार नाही. या योजनेला येणारा खर्च आपल्या एका स्नेहभोजनाच्या खर्चाहून फार अधिक होणार नाही, असा आमचा अंदाज आहे. हिशेब खजिनदारांनी तपासून पाहावा.

माणसे जाणारच. ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांची छायाचित्रे आज या भिंतीवर आहेत, आणि तरीही आपण येथे जमलो आहोत. त्यांनी आपापल्या वेळी कोणाच्या तरी हाती काही तरी नीट सोपविले, म्हणूनच हे घडले. आपल्या हाती आलेले आपणही तसेच सोपवावे, आणि सोपविण्याची वेळ येण्यापूर्वीच त्याची तयारी ठेवावी, एवढीच नम्र विनंती करून आम्ही आमचे भाषण पूर्ण करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!